बैठक आणि पैस

‘या कादंबरीला वैचारिक बैठक नाही’ हे वाक्य आम्ही आजवर किती परीक्षणांत लिहिले असेल, याची मोजदाद न केलेलीच बरी. मौखिक परीक्षांत ते आम्ही विद्यार्थ्यांना ऐकवले आहे. आमच्या वेळी ते आम्हांलाही ऐकवले गेले होते. बैठक म्हणजे नेमके काय, ती असते तेव्हा काय घडते आणि नसते तेव्हा काय बिघडते, असा उलट प्रश्न मात्र कोणी कोणाला केल्याचे आम्हांस आठवत नाही. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला की तो हातातून निसटतो आणि निसटला हे कळतही नाही. आम्हांला या शब्दाचा अर्थ उमगला तो गेल्या पावसाळ्यानंतर, अहिल्यानगरमधल्या एका परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत.

नगरला (2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यात नगर ते नगरच) बंदुकीचे वावडे नाही. विजापूरच्या बुरुजावर आज जी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ दाखवतात, ती 1549 साली नगरलाच ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. चिलखती दलाचे केंद्र येथे आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे, के. के. रेंजवर सराव सुरू झाला की तोफांचा आवाज गावोगाव पोचतो. साहित्याच्या माणसाला मात्र नगर म्हटले की भुईकोट किल्ला आठवतो, तेथे 1942 नंतरच्या स्थानबद्धतेत लिहिले गेलेले नेहरूंचे आणि मौलाना आझादांचे ग्रंथ आठवतात, लक्ष्मीबाई टिळक आठवतात, नेवासे आठवते. ही दोन नगरे एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. आम्ही दुसऱ्या नगराचे रहिवासी. पहिल्यात आम्हांला नेले ते एका विद्यार्थिनीने.

आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांची ही विद्यार्थिनी नेवासे तालुक्यातली, मराठी घेऊन एम. ए. करणारी, आणि नेमबाज. पॉइंट टू-टू बोअरच्या रायफलीने पन्नास मीटरवर नेम धरते. रायफल तिची स्वतःची नाही, संस्थेची आहे. जुनी, लाकडी दस्त्याची. दोन वर्षे तिची गुणसंख्या एका जागी अडकून पडली होती. मार्गदर्शकांनी सांगितले, एकाग्रता कमी पडते. मग प्राणायाम झाला, त्राटक झाले, मोबाईल कपाटात गेला, पहाटे उठणे झाले. गुणसंख्या हलली नाही. शेवटी तिने नेमबाजी सोडायचे ठरवले आणि सरांना सांगितले, “माझं मनच ठिकाणावर नसतं असं सगळे म्हणतात, सर. आता मलाही तसंच वाटायला लागलंय.”

सरांनी हे आम्हांला फोनवर सांगितले आणि मग आम्ही तिघे, तिची रायफल संस्थेच्या रीतसर परवानगीने आणि माणसासह घेऊन, त्या दुकानात गेलो. दुकानात काम पाहणारे गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेले आर्मरर. हयात शस्त्रे दुरुस्त करण्यात गेली. सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात, ती मुलगी ‘काका’ म्हणते. त्यांनी रायफल हातात घेतली नाही. आधी जुनी लक्ष्यपत्रे मागितली. मुलीने पिशवीतून गठ्ठा काढून दिला. ते ती एकेक उलटत गेले, खिडकीच्या उजेडात धरून, एखाद्या हस्तलिखिताचे पान पाहावे तशी. मग म्हणाले, “पोरी, तू चुकत नाहीस. चुकणाऱ्याच्या गोळ्या सगळीकडं पांगत्यात. तुझ्या दोनच जागी जात्यात. ही रायफल दोन जागी बसतीय.”

आम्ही वाङ्मयाचे वाचन शिकवतो. पण समोरची संहिता नीट वाचून कर्त्यावरचा आरोप रद्द करणारे इतके नेमके समीक्षावाक्य आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

‘दोन जागी बसते’ म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. रायफलीचे ढोबळ दोन भाग. एक, लोखंडी गाभा : ज्यात काडतूस भरले जाते, बोल्ट सरकतो, चाप असतो. त्याला ‘ॲक्शन’ म्हणतात आणि नळी त्याच्याच तोंडात घट्ट पिळून बसवलेली असते. दुसरा, खांद्याला टेकतो आणि हाताला आधार देतो तो दस्ता. दस्त्यात कोरलेल्या खाचेत ॲक्शन ठेवायची आणि खालून दोन किंवा तीन स्क्रूंनी आवळायची. कागदावर काम इतकेच आहे. पण गोळी सुटताना नळी निश्चल नसते. स्फोटाच्या धक्क्याने ती तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते आणि गोळी नळीबाहेर पडते ती या थरथरीच्या मध्यावर कुठे तरी, सेकंदाच्या काही सहस्रांश भागात. थरथर थांबवता येत नाही, थांबवण्याची गरजही नाही. ती दर वेळी तशीच झाली पाहिजे, एवढेच. ॲक्शन खाचेत दर वेळी त्याच जागी, त्याच दाबाने टेकली तर थरथर तशीच होते. खाच झिजली असेल, लाकूड पावसाळ्यात फुगून नळीला एका बाजूने चिकटत असेल, स्क्रू आवळताना ॲक्शन किंचित वाकत असेल, तर पहिल्या गोळीच्या धक्क्याने ती एका जागी सरकते आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला पुन्हा परतते. नेमबाजाला यातले काहीच जाणवत नाही. लक्ष्यपत्रावर तेवढे दोन झुबके दिसतात.

आकडे पाहिले म्हणजे हे किती बारीक काम आहे ते कळेल. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो आणि गोळी स्वतःच साधारण 5.6 मिलिमीटर जाडीची. पासष्ट सेंटिमीटर लांबीच्या नळीचे टोक एक-दशांश मिलिमीटरने कलले, तर नुसत्या त्रैराशिकाने पन्नास मीटरवर सुमारे 7.7 मिलिमीटरांचा फरक पडतो. प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, कारण पुढचा वेध नळीवरच असतो आणि तोही तिच्याबरोबर हलतो. पण मुद्दा ध्यानात यावा. एक-दशांश मिलिमीटर म्हणजे चांगल्या कागदाची जाडी. त्राटकाने तो कागद काढता येत नाही.

सुभेदारांनी मग रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, नळी आणि दस्त्याच्या सांध्यावर बोटाचे टोक ठेवले आणि दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू सैल केला. आमचेही बोट तिथे ठेवायला लावले. स्क्रू सुटताना नळी लाकडातून हळूच वर उचलल्यासारखी झाली. ॲक्शन बसलेली नव्हती, स्क्रूने ओढून वाकवून धरलेली होती. दस्ता उघडल्यावर बाकीचे बाहेर आले. मागच्या स्क्रूभोवतीचे लाकूड वर्षानुवर्षांच्या तेलाने काळे आणि मऊ पडले होते (जास्त तेल घालणे ही माया नव्हे, ते लाकूड खाते, असे सुभेदारांचे मत). आणि नळीखाली कोणी तरी पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवला होता. पूर्वीच्या कोणा दुरुस्तीवाल्याची ही टीप. त्या वर्षी कदाचित त्याने कामही भागले असेल.

मग काजळ. दिव्याची काजळी तेलात कालवून ॲक्शनच्या तळाला फासायची, ती खाचेत ठेवायची आणि सरळ वर उचलायची. जिथे काळे लागले तिथे लाकूड भिडते. तेवढ्या बैठकीत काळे ठिपके तीनच होते आणि तिघेही एकाच बाजूला. पटाशीने आणि कानशीने उंचवटे उतरवायचे, पुन्हा काजळ, पुन्हा उचलणे. ही मंडळी घाई करत नाहीत. मऊ पडलेले लाकूड कोरून काढले, स्क्रूंच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवल्या, म्हणजे स्क्रू आवळला तरी दाब लाकडावर न येता धातूवर येईल. नंतर खाचेच्या तळाला धातूची भुकटी घातलेला इपॉक्सीचा लेप. लेप लावण्यापूर्वी ॲक्शनला मेण चोळायचे, तिची सगळी भोके खेळण्याच्या मातीने बुजवायची. नाही तर लेप त्या भोकांत शिरून आवळतो आणि मग रायफल तोडूनच काढावी लागते. ॲक्शन लेपात ठेवली ती स्क्रू न आवळता, निव्वळ तिच्या स्वतःच्या ठेवणीत. चोवीस तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी निघाली तेव्हा लेपावर लोखंडाची प्रत्येक रेघ उमटली होती, कारखान्याचा शिक्कासुद्धा.

आम्ही अज्ञानाने विचारले, ही लांबीच भरली म्हणायची ना, सुतार भरतात तशी? सुभेदार जरा दुखावले. लांबी फट झाकते. हा लेप झाकत नाही. लोखंडाला लाकडात स्वतःचा आकार सापडावा म्हणून तो असतो. तळाशी पूर्ण टेकणे, आणि नळी मात्र पूर्ण मोकळी. ॲक्शनपुढच्या सगळ्या लांबीत लाकूड नळीला कुठेही शिवता कामा नये. हे तपासायला त्यांनी पोस्टकार्डाची पट्टी नळीखालून ओढली. ती अडखळली तिथे आणखी घासले. शेवटी ती टोकापासून ॲक्शनपर्यंत सरळ गेली. स्क्रूदेखील अंदाजाने आवळले नाहीत. दाब दाखवणाऱ्या पान्याने, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मापाला.

नळी मोकळीच हवी, हा काही त्रिकालाबाधित सिद्धान्त नाही. सुभेदार ज्या थ्री-नॉट-थ्रीवर काम शिकले, त्या ली-एन्फिल्डच्या घराण्यात उलट रीत आहे. तिच्या नंबर चार प्रकारात लाकडाने नळीला टोकाशी खालून वर मोजका दाब द्यावा अशी अपेक्षा असते, आणि पुढचे लाकूड बसवणे ही त्या रायफलीतली खरी विद्या. त्यांना दोन्ही रीती येतात आणि दोन्हींबद्दल आदर आहे. त्यांचा राग एकाच गोष्टीवर : आज टेकते, उद्या टेकत नाही, असे लाकूड. आमच्याकडे वृत्तबद्ध की मुक्तछंद यावर पिढ्या खर्ची पडल्या, त्यांना हा राग कळावा.

येथे आम्हांला मुळात जे म्हणायचे आहे त्याकडे वळतो. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवले होते. या दोन्ही वेळी मराठीत जे लिहिले गेले त्यातले बरेच आम्ही वाचले. त्यात साधना होती, एकाग्रता होती, अर्जुन आणि पोपटाचा डोळा हटकून होता, आईवडिलांचे कष्ट होते. हे सारे खरेच असणार. पण ज्या वस्तूतून ती गोळी सुटली ती वस्तू कशी असते, कोण तिची काळजी घेतो, ती कशी बसवतात, याबद्दल आम्ही वाचलेल्या लेखांत एक परिच्छेदही नव्हता. अर्जुनाच्या गोष्टीतसुद्धा बाण कोणी सरळ केला हे कोणी विचारत नाही.

ही केवळ क्रीडापत्रकारांची चूक असती तर आम्ही या जागेवर लिहिले नसते. ती आमचीच सवय आहे. कर्त्याचे मन आणि कृतीचे फळ यांच्या मध्ये जे हातकाम असते ते आम्हांला दिसत नाही. त्यामुळे कृती फसली की आम्ही थेट मनावर बोट ठेवतो : प्रतिभा कमी पडली, अनुभूती उथळ आहे, बैठक नाही. आणि ज्याच्यावर बोट ठेवले तो ते मानतोही. ती मुलगी दोन वर्षे स्वतःच्या मनाला दोष देत होती आणि दोष एका पुठ्ठ्याच्या तुकड्यात आणि तेलाने कुजलेल्या बोटभर लाकडात होता. आमच्या परीक्षणांनी अशी किती मने गप्प केली असतील कोण जाणे.

‘बैठक’ हा शब्द आम्ही कारागिराकडून घेतला आणि त्याचे काम विसरून गेलो. भांड्याला बैठक असते, खांबाला असते, गवयाच्या आवाजाला असते. दर ठिकाणी ती घासूनपुसून बसवावी लागते आणि तपासता येते. काजळ लावून दाखवता येते. ‘वैचारिक बैठक नाही’ म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी कादंबरीत काजळ कुठे लागले आणि कुठे लागले नाही, हे कधी दाखवले?

असे नाही की मराठीत ही दृष्टी कधी नव्हतीच. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला तेव्हा त्यात शस्त्रवर्ग स्वतंत्र ठेवला; राज्याच्या भाषेत हत्यारांची भाषा येते हे त्यांनी गृहीत धरले होते. आणि याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 साली सांगितल्या गेलेल्या ग्रंथाचे पुढे काय झाले ते आठवावे. तीनशे वर्षांच्या नकलांत ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, ओव्या सैल झाल्या, कोणी कोणी आपले पुठ्ठे सरकवले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला, आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे बजावले. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी ते काम केले. पैठणच्या त्या कामाला आम्ही भक्ती म्हणतो, आणि ती होतीच. पण त्यात काजळ आणि पटाशीही होती. उपमा ताणू नये हे आम्ही जाणतो. दुरुस्तीत काही जातेही : एकनाथांच्या पाठाने समाधान न होऊन राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेली प्रत शोधली आणि 1909 साली छापली, ती जुन्या रूपांच्या ओढीनेच. इपॉक्सी म्हणजे मूळचे अक्रोडाचे लाकूड नव्हे. तरीही पाठचिकित्सा आज आमच्या विभागांत एका प्रश्नापुरती उरली आहे आणि जुनी पुस्तके आम्ही चुकांसकट पुन्हा छापून वर नवी प्रस्तावना चिकटवतो, याची आम्हांला त्या खोलीत लाज वाटली.

जाता जाता एक खुलासा : वाचून कोणी घरच्या बंदुकीवर पटाशी चालवू नये. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि सुभेदारांच्या मते परवान्यापेक्षाही हात लागतो.

रायफलीचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. चमत्कार झाला नाही. पहिल्या दिवशी तिची गुणसंख्या आधीइतकीच आली. मात्र झुबका एकच होता, डाव्या बाजूला सरकलेला. वेध नव्याने जुळवून घेतला आणि गोळ्या मध्यावर आल्या. दोन महिन्यांत गुण वाढले, फार नाही. तिला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. “आता चुकलं की कळतं, काका,” ती म्हणाली. “श्वास सोडला की खाली जाते, चाप झटकला की उजवीकडे. आधी माझी चूक कुठली आणि हिची कुठली तेच कळायचं नाही.” तिने नेमबाजी सोडलेली नाही.

आणखी एक झाले. सुभेदारांचे बोलणे नगरी मराठी आणि लष्करी हिंदुस्थानी यांच्या मिसळणीचे. त्यातले शब्द ही मुलगी एका वहीत उतरवू लागली आहे, कारण कोशांत ते तिला सापडले नाहीत. लोखंड लाकडात पूर्ण टेकण्याला ते ‘बैठक’ म्हणतात. स्क्रूने वाकवून धरलेल्या ॲक्शनला ‘रुसलेली’. नळी मोकळी असण्याला त्यांच्याकडे धड शब्द नाही. ‘नळी हवेत’ म्हणून ते भागवतात. मुलीने सुचवले, याला ‘पैस’ म्हणावे. गाव नेवाशाजवळ, शिवाय दुर्गा भागवतांचे ‘पैस’ अभ्यासक्रमाबाहेर वाचलेले. पैसाचा खांब आणि त्या शब्दातला मोकळा विस्तार तिच्या डोक्यात होताच. तिने सुभेदारांना सारे समजावून सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, हातातली पोस्टकार्डाची पट्टी खाली ठेवली आणि विचारले, “ज्ञानेश्वर माउली त्या खांबाला टेकून बसले होते ना?”

“हो, तसंच सांगतात.”

“मग ती बैठक झाली की. पैस कुठनं आला?”

वहीत सध्या दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिलेले आहेत आणि पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.